विजय चौकातला बँड: कुठे उभं राहावं, काय ऐकावं

डिसेंबर उजाडला की आमच्या नोएडाच्या घरी फोन सुरू होतात. कधी सांगलीहून, कधी ठाण्याहून, कधी नाशिकहून. “सव्वीस जानेवारीचे पास मिळतील का गं?” दिल्लीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचं संरक्षण मंत्रालयात कुणीतरी ओळखीचं असतं, असा गावाकडे ठाम समज आहे. माझं कुणी नाही. पण विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एक सांगते: संचलन टीव्हीवरच चांगलं दिसतं. दिल्लीला यायचंच असेल तर तीन दिवस जास्त राहा आणि बँड ऐका. तो टीव्हीत मावत नाही.

माझा भाचा अमेरिकेत शिकतो. त्याच्या विद्यापीठाचा मोठा बँड आहे. ऋतू बदलला की विद्यार्थी फुकट कार्यक्रम करतात, गावातले म्हातारेकोतारे घोंगड्या घेऊन ऐकायला येतात. आपल्याकडे असं कुठे आहे, हे त्यानं मला विचारलं होतं. आपल्या विद्यापीठांत गाण्याचे विभाग आहेत, सतार-तबला आहे, पण फुंकून वाजवायच्या वाद्यांचा पूर्ण ताफा क्वचितच सापडेल. ते काम आपल्याकडे लष्करानं, पोलिसांनी आणि एनसीसीच्या पोरांनी अंगावर घेतलंय. जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात ही सगळी मंडळी एकाच शहरात असतात. म्हणजे आपली ऋतुमैफल ही. रायसीना टेकडीच्या पायथ्याशी, विजय चौकात, कडाक्याच्या थंडीत, उघड्यावर.

मुख्य कार्यक्रम म्हणजे २९ जानेवारीचं बीटिंग रिट्रीट. जुन्या काळी सूर्य मावळला की लढाई थांबायची, नगारे-बिगूल वाजायचे आणि फौजा तळावर परतायच्या. त्या रिवाजाचा हा सोहळा झालाय. आपल्याकडे तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करातल्या मेजर रॉबर्ट्स यांनी बसवला आणि त्यानं प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता होते. आजवर तो दोनदा रद्द झाला. २००१ मध्ये गुजरातच्या भूकंपामुळे आणि २००९ मध्ये माजी राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांच्या निधनामुळे. पावसानं मात्र रद्द होत नाही. २०२३ मध्ये भर पावसात वाजवलं त्यांनी. तेव्हा आभाळ बघून घरी बसू नका.

आता माझा आग्रह. २९ तारखेच्या मागे लागू नका, २८ ला जा. त्या दिवशी पूर्ण गणवेशातली रंगीत तालीम असते. तेच बँड, तोच क्रम, तीच रोषणाई. गेली काही वर्षं २८ च्या तिकिटाला वीस रुपये आणि २९ च्या तिकिटाला शंभर रुपये लागताहेत. मुख्य दिवशी राष्ट्रपती येतात (२०१४ पासून पुन्हा घोड्यांच्या बग्गीतून), बंदोबस्त कडक होतो, रस्ते लवकर बंद होतात, आणि लोकांचं अर्धं लक्ष कोण कुठल्या खुर्चीत बसलंय याकडे असतं. तालमीला येणारी माणसं वेगळी असतात. जवानांची कुटुंबं, शाळेतली पोरं, एखादा निवृत्त बँडमास्तर. तो मांडीवर बोटांनी ताल धरून बसलेला असतो आणि झांज चुकली की सगळ्यांत आधी त्याची मान हलते.

तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या ‘आमंत्रण’ या संकेतस्थळावर आणि ॲपवर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात निघतात. विक्री थोडेच दिवस चालते आणि रोजचा कोटा भराभर संपतो. दिल्लीत ठिकठिकाणी खिडक्याही उघडतात. ज्या ओळखपत्रावर तिकीट काढलं, तेच मूळ ओळखपत्र प्रवेशालाही लागतं. घरातल्या एकानं सगळ्यांची तिकिटं काढली असतील, तर कुणाचं कुठलं ओळखपत्र दिलं हे लिहून ठेवा. फाटकावर ही शोधाशोध करताना मी मोठमोठ्या हुशार माणसांना घाम फुटलेला पाहिलाय, तोही आठ अंश थंडीत.

तिकीट नाही मिळालं तरी निराश होऊ नका. खरी फुकटची चैन म्हणजे त्याआधीचे सराव. जानेवारीच्या मध्यापासून सकाळी कर्तव्यपथावर संचलनाचा सराव चालतो, आणि २६ च्या आगेमागे संध्याकाळी विजय चौकात बँडचा. अडथळ्यांच्या अलीकडे थांबून लोक ऐकतात, पोलीस हाकलत नाहीत, फक्त पुढे सरकू देत नाहीत. कधी रस्ता आधीच अडवतात, हे गृहीत धरून जा. सकाळच्या धुक्यात बँड दिसतच नाही. आधी नुसता मोठ्या ढोलाचा ठोका येतो, मग कुठूनतरी क्लॅरिनेटची रेघ, आणि बऱ्याच वेळानं करड्या पडद्यातून पहिल्या रांगेचे पांढरे हातमोजे बाहेर येतात. हे दृश्य कुठल्याही तिकिटावर मिळत नाही.

उभं कुठे राहायचं? लोक जवळची जागा धरतात आणि चुकतात. बँडच्या अगदी पुढ्यात ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन तोंडावर येतात. त्यांची तोंडं समोर रोखलेली असतात, त्यामुळे बाकी काही ऐकूच येत नाही. ट्युबाचं भोंग्यासारखं तोंड वर असतं, त्याचा आवाज आभाळाकडे जातो आणि सगळीकडे पसरतो. क्लॅरिनेट, बासरी ही नाजूक मंडळी मधल्या रांगांत बुडून जातात. थोडं बाजूला, पंचवीस-तीस पावलं लांब उभं राहिलात तर सगळे थर जुळून येतात. नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकच्या दगडी भिंतींवरून आवाज परततो तोही तिथूनच कळतो.

फार लांब मात्र जाऊ नका. त्यात एक गंमत आहे, मुलांना जरूर दाखवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. संचलनाची चाल मिनिटाला सुमारे १२० पावलांची, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. त्या अर्ध्या सेकंदात आवाज १७० मीटर कापतो. तुम्ही बँडपासून बरोबर तेवढ्या अंतरावर असाल, तर डाव्या पावलाचा ठोका तुमच्या कानावर पडेल तेव्हा डोळ्यांना उजवं पाऊल जमिनीवर टेकताना दिसेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, अख्खी पलटण चुकतेय. माझी आत्या तर म्हणाली, “अगं, यांना कुणी शिकवलं की नाही!” तिला दीडशे पावलं पुढे नेलं तेव्हा पलटण आपोआप सुधारली.

वाद्यं ओळखायची तयारी घरूनच करून जा. आपल्या माणसाला हे अवघड नाही. लग्नातल्या बँडची आपल्याला सवय आहे, आणि पुण्याच्या गणपतीत ज्यानं प्रभात बँड ऐकलाय त्याचा कान तर तयारच आहे. तिथं क्लॅरिनेटवर नाट्यगीत वाजतं तेव्हा चार पावलं मागे राहून ऐकणारे लोक असतात. इथंही तेच करायचं: सूर क्लॅरिनेटकडून घ्यायचा, पितळेकडून नाही. फुंकवाद्यांच्या बँडमध्ये व्हायोलिनचं काम क्लॅरिनेट करतं, म्हणून त्यांची संख्या जास्त असते. सॅक्सोफोन दिसायला पितळेचा, पण तो क्लॅरिनेटचाच भाऊबंद. आवाज वेताच्या पट्टीतून निघतो. ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि सगळ्यात लवकर तो लष्करी बँडांनीच उचलला. मींड ऐकायची असेल तर ट्रॉम्बोनकडे पाहा. बाकीच्या पितळी वाद्यांना खटके आहेत, त्यांचे सूर पायरीपायरीनं जातात. ट्रॉम्बोनची नळी पुढेमागे सरकते, त्यामुळे तो एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतो. देशी चाली बसवणारा चांगला संयोजक नेमकी तिथंच त्याला संधी देतो.

मग बॅगपाइप. पाइपवाले वेगळे उभे राहतात आणि वेगळेच वाजतात. याला सनईच्या जवळचं समजा. सनईवाल्याच्या शेजारी एकजण नुसता सूर धरून बसलेला असतो. तेच काम इथं पिशवीवरच्या उभ्या नळ्या करतात, श्वास न तोडता. बोटांच्या नळीवर मात्र नऊच सूर. आवाज कमी-जास्त करता येत नाही, दोन सुरांच्या मध्ये थांबता येत नाही. मग एकच सूर दोनदा वाजवायचा कसा? मध्ये इवलीशी मुरकी घालून. पाइपच्या चालीत त्या बारीक चिवचिव करणाऱ्या हरकती येतात त्या नखऱ्यासाठी नाहीत, नाइलाजानं आलेल्या आहेत. नाइलाजातून इतकं सुंदर काही निघाल्याची उदाहरणं संगीतात बरीच आहेत.

कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटं पोचलात तर वादकांची तोंडं पाहा. ते काहीही न वाजवता वाद्यात फुंकत असतात. श्वासानं धातू ऊबदार ठेवायचा असतो. नळीतली हवा थंड झाली की फुंकवाद्याचा सूर उतरतो, आणि दहा अंशांच्या फरकात तो जवळजवळ अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतका खाली येतो. शे-दोनशे वादक वेगवेगळ्या तापमानाची वाद्यं घेऊन एकदम वाजले तर काय होईल, कल्पना करा. म्हणून माउथपीस मुठीत धरणं, वाद्य कोटाच्या आत कवटाळणं, फुंकत राहणं. एकदा एका तरुण जवानाला ट्रम्पेटचा माउथपीस काखेत धरून उभा राहिलेला पाहिला. थंडीनं कुडकुडणाऱ्या पिल्लाला धरावं तसा.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरुवात होते. पुढच्या तासात पाइप-ड्रम, निमलष्करी दलं, हवाईदल, नौदल, लष्कर असे बँड येतात आणि शेवटी सगळे एकत्र उभे राहतात. क्रम दरवर्षी थोडा हलतो. चाली आता जवळपास सगळ्या देशी असतात. आझाद हिंद सेनेचे कॅप्टन राम सिंह ठाकुरी यांनी संगीत दिलेलं ‘कदम कदम बढाये जा’ बहुतेकदा असतं. नागपूरच्या डॉ. तनुजा नाफडे यांनी बांधलेली ‘शंखनाद’ ही लष्करी धूनही कान देऊन ऐका. मला स्वतःला काही नव्या संयोजनांत ढोल जरा जास्त होतो असं वाटतं. क्लॅरिनेटवाले बिचारे गाल फुगवत असतात आणि ऐकू येतो फक्त ताशा. पण हे मत मी माझ्या मिरवणूकप्रेमी भावांसमोर बोलत नाही.

शेवटाकडे एक धून येते, तिथं मात्र मराठी माणसानं सावरून बसावं. आधी तिथं ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती स्तोत्र वाजायचं, गांधीजींच्या आवडीचं. २०२२ पासून ते वगळलं आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. या बदलावर बरीच हमरीतुमरी झाली. मला जुनं स्तोत्रही हवं होतं. लांबवरून येणारे त्यातले घंटानाद मी विसरू शकत नाही. पण नव्या गाण्याचा कर्तव्यपथाशी संबंध काय आहे, हे कुणी सांगत नाही. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत सी. रामचंद्र यांचं. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचं. लता मंगेशकरांनी ते पहिल्यांदा गायलं २७ जानेवारी १९६३ ला, पंडित नेहरूंसमोर, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर. ते स्टेडियम, आताचं मेजर ध्यानचंद स्टेडियम, इंडिया गेटच्या मागेच आहे. म्हणजे कर्तव्यपथाच्या एका टोकाला गायलं गेलेलं गाणं आता त्याच आठवड्यात दुसऱ्या टोकाला बँडवर वाजतं. दुपारी वेळ असेल तर त्या स्टेडियमला बाहेरून एक चक्कर मारा आणि मग पश्चिमेकडे निघा. साधारण तीन किलोमीटरची वाट आहे.

गाणं संपलं की बिगुलवर ‘रिट्रीट’ वाजतो, ध्वज उतरतात. जानेवारीअखेर दिल्लीत सूर्यास्त सहाच्या जरा आधी होतो, तेव्हा हे सगळं अगदी संधिप्रकाशात येतं. वर तटावर सीमा सुरक्षा दलाचे उंट हलत नाहीत, नुसत्या काळ्या आकृत्या. बँडचा प्रमुख राष्ट्रपतींकडे परतण्याची परवानगी मागतो, आणि ‘सारे जहाँ से अच्छा’च्या चालीवर सगळे टेकडी चढत निघून जातात. शब्द इक्बालचे १९०४ चे, आपण गातो ती चाल रविशंकरांची १९४५ ची. त्याच क्षणी इमारतींवर दिवे लागतात आणि लोक मोबाइल वर करतात. तुम्ही करू नका. बँड दूर जाताना आवाज एकदम थांबत नाही, आधी बासरी-क्लॅरिनेट हरवतात, मग पितळ, आणि शेवटपर्यंत मोठा ढोल उरतो. येताना जो पहिला आला होता तोच जाताना शेवटचा.

आता कपडे आणि पिशवी. दिल्लीची थंडी पुण्याच्या गुलाबी थंडीसारखी नाही. दगडी पायऱ्यांवर किंवा लोखंडी खुर्चीत दोन तास हलायचं नाही, म्हणून पायात दोन मोजे, आतून थर्मल, कानटोपी. कानटोपी लोकरीचीच बरी, ती कानावरून वर सरकवता येते. पिशवी नेऊच नका. पहिल्या वर्षी मी शेंगदाण्याचे लाडू, पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि नणंदेनं दिलेली छत्री घेऊन गेले होते. फाटकावरून परत फिरवलं. लाडू सोडून द्यायचे की कार्यक्रम, असा प्रश्न आला आणि शेवटी तिथल्याच एका चहावाल्याला लाडू देऊन आत गेले. काय चालत नाही याची यादी तिकिटासोबत येते, ती वाचा. खिशात तिकीट, ओळखपत्र, रुमाल, बस.

यायचं मेट्रोनंच. गुरुग्रामहून पिवळ्या मार्गानं थेट, फरिदाबादहून जांभळ्या मार्गानं थेट, दोन्ही केंद्रीय सचिवालय स्थानकावर येतात. नोएडाहून निळ्या मार्गानं राजीव चौक आणि तिथं बदल. गाझियाबादवाल्यांनी लाल मार्गानं काश्मिरी गेट आणि तिथून पिवळा. २९ तारखेला दुपारपासून केंद्रीय सचिवालय आणि उद्योग भवन ही स्थानकं काही तास बंद ठेवण्याची पद्धत आहे, म्हणून पटेल चौकला उतरायची तयारी ठेवा. परतीला घाई करू नका. अर्धा तास उशिरा निघालात तर फलाटावर उभं राहायला जागा मिळते. भूक लागलीच तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे. कार्यक्रमानंतर गरम आमटी-भातासाठी तिकडे वळणारे मराठी चेहरे मी दरवर्षी ओळखते, सगळ्यांची नाकं लाल असतात.

जानेवारी हुकला तर? शनिवारी सकाळी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात रक्षकबदल असतो. पैसे लागत नाहीत, पण राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर आधी नाव नोंदवावं लागतं. वेळ हिवाळ्यात जरा उशिराची, उन्हाळ्यात लवकरची असते, नोंदणी करतानाच पाहून घ्या. २०२५ च्या फेब्रुवारीपासून त्याचं रूप मोठं झालंय, बँडसोबत घोडदळही येतं. हे घोडेस्वार राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे. १७७३ मध्ये उभं राहिलेलं हे दल आपल्या सैन्यात सगळ्यात ज्येष्ठ मानतात, आणि चांदीची तुतारी बाळगण्याचा मान या एकाच दलाला आहे. लहान मुलांना घेऊन जायला हाच कार्यक्रम चांगला. तासाभरात आटपतो, थंडी कमी लागते, आणि घोडा अगदी जवळून दिसतो. पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळकडेही लक्ष ठेवा. २०२५ मध्ये पहिल्यांदाच देशभरात १४० हून जास्त ठिकाणी तिन्ही दलांचे, निमलष्करी दलांचे आणि एनसीसीचे बँड लोकांसमोर वाजले.

ज्यांची मुलं शाळेच्या बँडमध्ये आहेत त्यांना एक वेगळं सांगायचंय. शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून शाळांच्या बँडची राष्ट्रीय स्पर्धा घेतात. ब्रास बँड आणि पाइप बँड, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. राज्यातून विभागात, विभागातून दिल्लीत. २०२५ ची अंतिम फेरी २४ आणि २५ जानेवारीला त्याच ध्यानचंद स्टेडियमवर झाली. एनसीसीच्या छावणीसाठीही दर जानेवारीत दोन हजारांवर छात्र दिल्ली छावणीतल्या करिअप्पा मैदानावर महिनाभर राहतात आणि त्यांचे मुलामुलींचे बँड संचलनात चालतात. आपल्या शाळेतल्या बँडची वाद्यं कपाटात गंजत पडली असतील, तर मुख्याध्यापकांना ही स्पर्धा ठाऊक आहे का, एवढं विचारा. गंजलेला ट्रम्पेटही कारागिराकडून दुरुस्त होतो, त्याला फुंकणारं कुणी हवं.

आत्या यंदा पुन्हा येतेय. तिनं फोनवर एवढंच विचारलं, “त्या उलट्या पावलांच्या जागी उभं राहायचं का?” तुम्ही येणार असाल तर जानेवारी लागताच ‘आमंत्रण’ उघडून बसा, २८ तारखेचं तिकीट घ्या, आणि लाडू घरीच ठेवा.